ओला कचरा फाटकाच्या आतच जिरवा : पुण्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

पुण्यातल्या सर्व गृहनिर्माण सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

शहरात राहून पर्यावरणासाठी आपण काय करू शकतो, असा विषय निघाला की ठरलेली उत्तरं येतात. कापडी पिशवी न्या, नळ वाहता ठेवू नका, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा. ही उत्तरं बरोबर आहेत आणि पाळायलाही हवीत. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाच्या हातात यापलीकडचं फारसं काही नसतं. त्याने ओला आणि सुका कचरा नीट वेगळा करून दाराबाहेर ठेवला आणि तळमजल्यावर दोन्ही डबे एकाच ड्रममध्ये रिकामे झाले, तर त्याने काय करायचं? गच्चीवरची टाकी रोज सकाळी वाहते, झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत, पाचोळा मागच्या भिंतीशी जाळला जातोय, हे त्याला दिसतं. थांबवायचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसतो. तो तुमच्याकडे असतो. म्हणून हे पत्र नागरिकांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

कमिटीचं काम बिनपगारी आहे, आणि त्यात कौतुक कमी, तक्रारी जास्त, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः कमिटीवर होते. लिफ्ट, लिकेज, पार्किंग आणि थकबाकी यातच सगळ्या मीटिंगा संपतात. त्या यादीत आणखी दहा कामं घालायला मी सांगत नाही. एकच काम आधी घ्या, असं माझं मागणं आहे : आपल्या आवारातला ओला कचरा आवारातच जिरवायचा. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतील.

हिशोब साधा आहे. एका घरातून रोज अर्धा किलो ओला कचरा निघतो असं धरा. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, उरलंसुरलं. शंभर फ्लॅटच्या सोसायटीतून रोज पन्नास किलो, म्हणजे वर्षाला अठरा टनांहून जास्त. एवढं वजन उचलायचं, गाडीत भरायचं, शहराच्या एका टोकाकडून दुसरीकडे न्यायचं, त्यासाठी डिझेल जाळायचं. त्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा असतो पाण्याचा. आपण मोठ्या खर्चाने पाणी वाहून नेतो आहोत. तोच कचरा आवारातल्या पिटमध्ये, म्हणजे खत करायच्या हौदात, गेला तर त्याचं खत होऊन चौथा-पाचवा हिस्सा उरतो, आणि तोही बागेतच लागतो.

आता हा कचरा जातो कुठे, ते पाहू. शहरातून रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो. पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही नावं ऐकलेली असतात. तिथल्या डेपोत काही दशकं आपल्या शहराचा कचरा पडत राहिला. वर्गीकरण न केलेला, ओला-सुका एकत्र, उघड्यावर. त्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने आजूबाजूच्या विहिरी खराब झाल्या, पिण्यासाठी टँकर लावावे लागले. माश्या, दुर्गंधी आणि अधूनमधून लागणाऱ्या आगींचा धूर ग्रामस्थांच्या वाट्याला आला. त्यांनी अनेकदा रस्त्यावर उतरून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्या दिवसांत आपल्या पेठांमध्ये आणि कॉलन्यांमध्ये कंटेनर भरून वाहिले, की वर्तमानपत्रांतून ‘कचराकोंडी’ हा शब्द यायचा. कोंडी आपली झाली ती काही दिवस. त्यांची वर्षानुवर्षं चालली होती.

आज तिथल्या जुन्या ढिगांवर बायोमायनिंगचं, म्हणजे साठलेला कचरा उकरून, चाळून वेगळा करण्याचं काम झालं आहे, शहरात ठिकठिकाणी प्रक्रिया प्रकल्प उभे राहिले आहेत, हे खरं. पण प्रकल्प कुठेही काढा, तो कुणाच्या तरी शेजारी निघतो. आणि तिथले लोक विरोध करतात, कारण एकत्र आलेला कचरा सडतो आणि सडला की त्रास देतो. वेगळा आलेला सुका कचरा सडत नाही, त्याला वास येत नाही, त्याला खरेदीदार असतो. सगळ्या दुर्गंधीचं मूळ ओल्यात आहे, आणि ओलं जिरवायला पुण्यात सगळ्यात चांगली जागा म्हणजे ते जिथे निघालं तीच.

‘आम्ही मिळकतकर भरतो, कचरा उचलणं महापालिकेचं काम आहे,’ हे वाक्य मी मीटिंगांमध्ये फार वेळा ऐकलं आहे. कर भरून आपण सेवा मिळवतो, हे मान्य. पण दुसऱ्या गावाच्या विहिरीत आपली घाण सोडण्याचा परवाना त्या पावतीवर लिहिलेला नाही. शिवाय कायदाही तसं म्हणत नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराला ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणं बंधनकारक केलं. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी, असंही त्यातच सांगितलं. तुमची सोसायटी लहान असेल तर सक्ती नसेलही, पण पिट करायला कुणी अडवत नाही.

ढीग लावून दाबलेल्या ओल्या कचऱ्याला आत हवा मिळत नाही. हवेवाचून तो कुजला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेनचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस किलोंइतकी उष्णता अडवतो, आणि वीस वर्षांच्या हिशोबात ऐंशी किलोंच्या आसपास. डेपोला आगी लागतात आणि त्या लवकर विझत नाहीत, यात या वायूचा हात असतो. तेच भाजीचं देठ हवा खेळती असलेल्या पिटमध्ये कुजलं तर मिथेन जवळजवळ होत नाही. साल तेच, देठ तेच. फरक फक्त हवेचा.

पिट चालवण्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण बहुतेक सोसायट्यांचे प्रयोग इथेच फसतात.

नवीन इमारतींमध्ये बिल्डरने पिट बांधून दिलेले असतात किंवा ओल्या कचऱ्याचं मशीन बसवून दिलेलं असतं. परवानग्यांसाठी ते लागतं. ताबा मिळाल्यावर काही महिने ते चालतं, मग वास येतो, अळ्या दिसतात, दोन सभासद तक्रार करतात आणि पिटवर झाकण पडतं. नंतर त्यात रंगाचे रिकामे डबे आणि मोडक्या खुर्च्या जमतात. मशीनचं म्हणाल तर ते कचरा बारीक करतं आणि वाळवतं. बाहेर पडणारा भुगा म्हणजे तयार खत नव्हे. तो पुढे काही दिवस क्रेटमध्ये मुरवावा लागतो, हे देखभाल करणाऱ्यालाच कुणी सांगितलेलं नसतं. कुंड्यांमध्ये तसाच घातला की झाडं जळतात, आणि मग ‘कंपोस्ट वगैरे आपल्याकडे चालत नाही’ असा ठराव होतो.

वासाचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं : ओलं जास्त, कोरडं कमी. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी भरपूर. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो, आणि तो वाळलेल्या पानांत असतो. म्हणून ओल्याचा एक थर आणि त्यावर पाचोळ्याचा थर, हा नियम कधीच मोडायचा नाही. पाचोळ्यामुळे पोकळी राहते, हवा खेळते, जादा पाणी शोषलं जातं, वरच्या थरावर माश्या बसत नाहीत. सुरुवातीला जुनं खत थोडं मिसळायचं, विरजणासारखं. ते नसेल तर आंबट ताक आणि गुळाचं पाणी शिंपडलं तरी चालतं. आठवड्यातून एकदा-दोनदा खालीवर करायचं. नीट चाललेल्या पिटमध्ये हात घालवत नाही इतकी आच असते, पन्नास-साठ अंशांपर्यंत. त्या उष्णतेत रोगजंतू आणि तणांचं बी मरतं.

पांढुरक्या-तपकिरी, जाड, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरून औषध मारू नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, आणि कचरा झपाट्याने खातात. त्यांची किळस वाटत असेल तर वर पाचोळा वाढवा. नारळाच्या कवट्या, हाडं, आंब्याच्या कोयी पिटमध्ये लवकर कुजत नाहीत, त्यांची वेगळी सोय करा. लिंबाच्या साली थोड्याच घाला. पावसाळ्यात वर पत्र्याचं छप्पर हवंच, नाहीतर सगळी मेहनत जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत पाण्यात जाते. दोन पिट असले की एक भरायचा आणि दुसरा मुरू द्यायचा. पहिला भरेपर्यंत दुसऱ्यातलं खत चाळणीला येतं. देव्हाऱ्यातलं निर्माल्यही यातच घालता येतं, फक्त त्यातला दोरा आणि प्लास्टिक काढून.

पाचोळा आणायचा कुठून, असा प्रश्न पडणारी सोसायटी मला अजून भेटायची आहे. दिवाळीनंतर पानगळ सुरू होते ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत चालते. गुलमोहर, वर्षावृक्ष, पिंपळ, बदाम, शिरीष. आपल्या रस्त्यांवर आणि आवारांत गोण्याच्या गोण्या पानं पडतात, आणि नेमक्या त्याच थंडीच्या दिवसांत, हवा जड असताना, सकाळी ती पेटवली जातात. पाचोळा जाळणं बेकायदेशीर आहे, त्याच्या धुरातले सूक्ष्म कण छातीत खोल जातात, आणि तो धूर पहिला कुणाच्या नाकात जातो? झाडणाऱ्या बाईच्या, तळमजल्यावरच्या दम्याच्या आजोबांच्या, शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांच्या. एकीकडे पिट कोरड्या पानांवाचून सडतात आणि दुसरीकडे तीच पानं जळतात. हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. हिवाळ्यात पानं गोण्यांत भरून एका कोपऱ्यात रचून ठेवा. पावसाळाभर पुरतील. जास्त झाली तर शेजारच्या सोसायटीला द्या. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’सारख्या गटाने पानं देणारे आणि घेणारे एकमेकांशी जोडून दिले आहेत. बदामाची मोठी पानं तेवढी आधी चुरून घ्या.

आता त्या बाईंविषयी, ज्या तुमच्या मजल्यांवरून डबे गोळा करतात.

पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. डॉ. बाबा आढावांसारख्या कार्यकर्त्यांचं बळ त्यामागे होतं. या संघटनेतून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून ती दारोदार कचरा गोळा करू लागली. यातल्या बहुसंख्य स्त्रिया आहेत. कचराकुंडीत वाकून काच-पत्रा वेचणारी बाई ओळखपत्र लावून आपल्या दारात आली, हा बदल पुण्यात घडला याचा मला अभिमान आहे. सुक्या कचऱ्यातून कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, धातू निवडून त्या विकतात. ती त्यांची कमाई आहे, आणि त्याच वेळी शहराचं प्रचंड मोठं पुनर्चक्रण आहे, तेही शहराला जवळजवळ फुकटात.

पण आमटीत भिजलेला पुठ्ठा कुणी घेत नाही. ओल्यात पडलेली दुधाची पिशवी विकत नाही. आपण एकत्र केलेला कचरा ती बाई हातांनी वेगळा करते, आणि त्या हातांना डायपर, सॅनिटरी पॅड, फुटलेली काच, इंजेक्शनच्या सुया लागतात. वापरलेली पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, हे ‘स्वच्छ’ने कितीतरी वर्षांपूर्वी सांगितलं. लाल स्केचपेन प्रत्येक घरात असतो. तो ठिपका काढायला जो सभासद नकार देईल, त्याला कमिटीने समोर बसवून विचारावं की स्वतःच्या घरातली ही घाण तो उघड्या हातांनी उचलेल का. फुटलेली काच पुठ्ठ्यात बांधून वर ‘काच’ असं लिहा. जुन्या बॅटऱ्या, ट्यूब, चार्जर, बंद मोबाइल यांच्यासाठी वॉचमनच्या केबिनशेजारी एक खोकं ठेवा आणि ते भरलं की अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवा.

‘लोक ऐकत नाहीत’ ही तक्रार मला मान्य नाही. फलक लावून ऐकत नाहीत, हे मान्य आहे. फलक कुणीच वाचत नाही. पहिले काही आठवडे कमिटीतला एक माणूस सकाळी डबे गोळा होताना मजल्यावर उभा राहिला, मिसळलेला डबा न घेता परत ठेवला, आणि त्या घराशी दारातच शांतपणे बोलला, तर चित्र पालटतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं टाकू नका. त्याने माणसं दुखावतात आणि अडून बसतात. भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींना वगळू नका. नियम त्यांना बहुतेक वेळा कुणी सांगितलेलेच नसतात. आणि घरकाम करणाऱ्या मावशींशी थेट बोला, कारण निम्म्या घरांत डबा त्याच भरतात.

पाण्याबद्दल थोडं. पुण्याचं पाणी येतं खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून. त्याच पाण्यावर मुठेच्या कालव्याने पुढे दौंड-इंदापूरची शेती उभी आहे, आणि शहराला जास्त की शेतीला, हा वाद दर उन्हाळ्यात पेटतो. त्यामुळे तुमच्या गच्चीवरून पाझरत खाली येणारी टाकी हा फक्त तुमच्या बिलाचा प्रश्न नाही. तिकडचं एखादं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, लांबतं, त्यात आपल्या टाक्यांचाही वाटा असतो. पंप आपोआप बंद होणारी सोय बसवा. वॉचमनच्या लक्षात राहण्यावर ते सोडू नका. त्याला गाड्याही पाहायच्या असतात. साध्या नळातून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी पडतं, नळाच्या तोंडाला स्वस्त एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारी जाळी) लावला की ते तीन ते सहा लिटरवर येतं आणि भांडी तेवढीच स्वच्छ होतात. सोसायटीने एकदम घेतले तर आणखी स्वस्त पडतील.

आरओबद्दल अनेकांना राग येईल, तरीही लिहिते. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध करताना साधारण दोन-तीन लिटर सोडून देतं. पाण्यात क्षार जास्त असतील तिथे त्याची गरज असते. लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला आरओ लावू नये, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं, आणि सह्याद्रीच्या पावसाचं हे धरणातलं पाणी त्याच्या कितीतरी खाली असतं. नळाच्या पाण्याला साधा फिल्टर किंवा उकळणं पुरतं. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्याची गोष्ट निराळी, तिथे तपासणी करूनच ठरवा. यंत्र ठेवायचंच असेल तर त्याचं सोडपाणी लादी पुसायला बादलीत घ्या.

झाडांच्या बुंध्यांभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढा. निदान एक मीटरचं आळं मोकळं हवं, म्हणजे मुळांना हवा-पाणी मिळेल, पाऊस मुरेल आणि वादळात झाड गाड्यांवर कोसळण्याची शक्यताही घटेल. त्या आळ्यातच तुमचं खत जाईल. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे असतील तर २०२४ पासूनच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे अठरा हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट रोज साधारण चार युनिट देतो. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल समोर ठेवा आणि खजिनदारांना आकडेमोड करू द्या. गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजलसंचय यांसाठी महापालिका मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलत देते. ती सवलत घेऊन प्रकल्प बंद ठेवणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. कृपा करून तसं करू नका.

आता कामाची गोष्ट. सहकार कायद्याप्रमाणे तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची आहे, आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघाली पाहिजे. त्या नोटिशीत ‘ऐनवेळचे विषय’ या शेवटच्या रकान्यात न ढकलता, हिशोबांच्या मंजुरीनंतर लगेच एक विषय घ्या : सोसायटीतील ओल्या कचऱ्याची आवारातच विल्हेवाट. सोबत चार गोष्टी ठरवून या. पिट कुठे, पाहणार कोण, त्या माणसाला महिन्याला वेगळे पैसे किती, आणि पाचोळ्याच्या गोण्या कुठे रचायच्या. तिसऱ्या मुद्द्यावर घासाघीस करू नका. शंभर घरांचं ओलं खालीवर करणाऱ्या माणसाला नेहमीच्या पगारातच ते करायला लावलं, तर पिट दिवाळीपर्यंतही चालणार नाही.

सभासदांपैकी कुणाला हे पटत असेल, पण कमिटी विषय घेत नसेल, तर सभेआधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि सभेला स्वतः हजर राहा.

आपली,
पुण्यातल्याच एका सोसायटीची सभासद